कुएर्नावाकाच्या स्वयंपाकघरात

मेक्सिको देशाच्या राजधानीतून दक्षिणेस निघालेला रस्ता प्रथम पाइनवृक्षांनी झाकलेले उंच डोंगर चढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरांवर गाडीच्या काचांना धुके चिकटते आणि अंगावरची शाल आपोआप घट्ट ओढली जाते. तेथून मग नागमोडी उतार लागतो, हवा हळूहळू उबदार होते आणि जेमतेम दीड तासाच्या प्रवासानंतर कुएर्नावाका नगराच्या बागा दिसू लागतात. हे नगर सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथील लोक त्याला चिरवसंताचे नगर म्हणतात, आणि आम्ही तेथे जे थोडे दिवस घालविले त्यांत या नावास बाध येईल असे काही आढळले नाही. भिंतीभिंतीवर बोगनवेल फुललेली होती आणि जॅकरांडाची झाडे निळसर जांभळा बहर धरू लागली होती.

आम्ही तेथे गेलो ते २०२३ सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि गेलो ते एक भिंत पाहण्यासाठी. तेथील कॅथीड्रल म्हणजे सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठाचे मंदिर. गेल्या शतकाच्या मध्यास त्याचा जीर्णोद्धार चालू असता आतल्या भिंतींवरच्या थरांखाली जुनी रंगचित्रे आढळली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर भाल्यांनी भोसकून ठार करण्यात आले, त्यांच्या शेवटच्या प्रवासाची ती चित्रे आहेत. त्यांत जपानी नावा आहेत आणि हात बांधलेले कैदी वाहून नेणाऱ्या गाड्या आहेत. मेक्सिकोवासीयांना ही भिंत प्रिय आहे ती त्यांच्या फेलीपे दे हेसूसमुळे. पण त्याच २६ जणांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता, हे वाचकांस सांगावयास नको. मेक्सिकोचा एक तरुण आणि वसईचा एक गृहस्थ यांनी एकाच टेकडीवर देह ठेवला, एवढ्या नात्याच्या बळावर आम्ही त्या गावी पाहुणे म्हणून उतरलो होतो. चित्रांविषयी अधिक पुन्हा केव्हा तरी लिहू. आज लिहावयाचे आहे ते त्या चित्रांपासून शंभर पावलांवर असलेल्या एका स्वयंपाकघराविषयी.

ज्या धर्मगुरुनिवासात आम्ही उतरलो होतो तेथे स्वयंपाक करणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या होत्या. ठेंगणा बांधा, पाठीवर एकच वेणी, आणि बोलणे कमी. पहिल्याच सकाळी त्यांनी आमच्यापुढे ताट ठेवले. अंडी, मक्याच्या गरम भाकऱ्या, हिरव्या मिरचीची चटणी, आणि एका बाजूस तपकिरी रंगाचा दाट, गुळगुळीत गोळा. त्यावर पांढरे ताजे चीज कुस्करून टाकलेले. हेच ते ‘फ्रिहोलेस रेफ्रीतोस’, म्हणजे शिजवून, घोटून, चरबीत परतलेला घेवडा. आपल्याकडे ज्याला राजमा म्हणतात त्याच जातीचा हा दाणा.

आम्ही अंडी खाल्ली, भाकरी खाल्ली आणि तो गोळा तसाच ठेवला. दुपारी घेवडा पुन्हा आला, या वेळी रसासकट वाडग्यात. तोही तसाच परत गेला. रात्री तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा बाईंनी ताट उचलता उचलता आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “पाद्रे, आवडत नाही?” आम्हांला पोर्तुगीज भाषा थोडीफार येत असल्याने स्पॅनिशचा अर्थ लागत होता, उत्तर देणे मात्र कठीण गेले, आणि ते भाषेमुळे नव्हे.

वाचकहो, त्या उत्तरासाठी तुम्हांला पाच वर्षे मागे न्यावे लागेल. २०१८ सालच्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील मुलांना आम्ही राजमा खाऊ घातला. एका उपकारकर्त्याने पोतेभर राजमा दिला होता. गॅसचा खर्च त्या वर्षी आमच्या डोक्यावर बसला होता, आणि इंधन वाचविण्याची एक युक्ती आम्ही कोठेशी वाचली होती. लाकडी पेटीत चारी बाजूंनी सुके गवत दाबून भरावयाचे, अन्नाला एक कढ आणावयाचा, आणि पातेले गरम असतानाच त्या पेटीत बंद करून ठेवावयाचे; आतल्या उबेने अन्न आपोआप शिजते. डाळतांदळास ही युक्ती चालली. मग आम्ही ती राजम्यास लावली. शनिवारी रात्री कढ येतो न येतो तोच आम्ही स्वतः पातेले उतरवून पेटीत ठेवविले. रविवारी दुपारी काढले तेव्हा दाणे बोटांत दबत होते. मुले जेवली. तीन तासांच्या आत त्यांतील सतरा जणांना ओकाऱ्या सुरू झाल्या, मागोमाग जुलाब. रात्रीपर्यंत ती सर्व सावरली, परंतु त्या संध्याकाळचे रडणे आमच्या कानांतून अजून गेलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पालक आले. त्यांच्यासमोर आम्ही निदान केले की भांडे नीट घासलेले नसावे. भांडी घासणे आणि स्वयंपाक या दोन्ही गोष्टी आमच्या मावशींकडे होत्या. वीस वर्षे त्या ते काम करीत आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारपासून त्या आल्या नाहीत. उरलेला राजमा आम्ही मातीत पुरविला, आणि तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात तो दाणा शिरला नव्हता.

हे सर्व आम्ही कुएर्नावाकाच्या त्या मेजावर मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. त्या रात्री भोजनास एक निवृत्त शेतकी शिक्षक आलेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “किती वेळ उकळला होता?”

मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही परत आल्यावर वाचून ताडून पाहिले, आणि ते अक्षरशः खरे आहे. राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक प्रथिन असते. ते आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि एक ते तीन तासांत माणसास ओकाऱ्या होऊ लागतात. चारपाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. लाल दाण्यात ते सर्वांत अधिक असते, पांढऱ्यात बरेच कमी. खळखळ उकळत्या पाण्यात निदान दहा मिनिटे, आणि अधिक सुरक्षित म्हणावयाचे तर अर्धा तास, दाणे राहिले की ते नष्ट होते. मंद उबेवर मात्र ते नष्ट होत नाही. दाणा मऊ पडतो, खाणारा फसतो, आणि ८० अंशांच्या आसपास राहिलेला दाणा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. आमच्या गवताच्या पेटीत नेमके हेच घडले होते. भांडे स्वच्छ होते. दोष पेटीचा होता, आणि पेटी आमची होती.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पहाटे उठून आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि बाईंना म्हणालो, “आम्हांला हे शिकवा.” त्यांनी आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहिले, एक एप्रन फेकला आणि पिशवी घेऊन बाजारची वाट धरली.

बाजारात घेवड्याच्या राशी पाहून आमची मती गुंग झाली. काळा, पिवळा, फिकट तांबूस, ठिपक्यांचा, आणि बोटाच्या पेराएवढा जांभळा. प्रत्येकास वेगळे नाव. व्हेराक्रूस आणि ओआहाकाकडे काळ्याचे राज्य, उत्तरेकडे ठिपक्यांच्या पिंटोचे. बाईंनी ‘फ्लोर दे मायो’ म्हणजे मे महिन्याचे फूल या गोड नावाचा गुलाबी छटेचा घेवडा घेतला, पण घेण्यापूर्वी दुकानदारास दोनदा विचारले, की हा या हंगामाचा आहे ना? जुना दाणा, विशेषतः दमट आणि उष्ण जागी राहिलेला, कितीही शिजवा, आत खडाच राहतो. आपल्या पावसाळ्यात बरणीत राहिलेल्या कडधान्याचे हेच होते, हे आपल्या भगिनींस ठाऊक आहेच.

घरी आल्यावर बाईंनी अर्धा किलो घेवडा मेजावर ओतला आणि मूठमूठ पुढे ओढीत निवडावयास घेतला. खडे, मातीचे गोळे, किडके आणि सुरकुतलेले दाणे बाजूस. आमची आई सुपात तूर निवडीत असे तिची आठवण झाली. मग तीन पाण्यांनी धुणे. भिजविणार नाही का, असे आम्ही विचारले, तर म्हणाल्या, नव्या दाण्याला गरज नाही. जुना असेल तर रात्रभर भिजवावा आणि ते पाणी टाकून द्यावे. आमच्या वाचकांनी मात्र भिजवावाच, कारण आपल्या दुकानातील पोते कोणत्या वर्षीचे आहे ते देवच जाणे.

पोट सुटलेल्या मातीच्या मडक्यात दाणे, त्यांच्यावर चार बोटे पाणी, अर्धा कांदा आणि चमचाभर चरबी, एवढेच. मडक्याच्या तोंडावर झाकण म्हणून त्यांनी पाण्याने भरलेली मातीची वाटी ठेवली. प्रथम आम्हांला तो नुसता आळस वाटला, पण त्यात मोठी सोय होती. मडक्यातल्या वाफेने वाटीतले पाणी तापते, आणि आतले पाणी आटले की तेच गरम पाणी वरून घालता येते. गार पाणी घातले तर दाणा रुसतो, असे बाईंचे मत. मीठ त्या शेवटी घालतात, कारण आधी घातल्यास दाणा कठीण होतो असे त्यांच्या आईने सांगितले होते. या बाबतीत शेतकी शिक्षकांचे म्हणणे निराळे. मिठाने दाणा कठीण होत नाही, उलट भिजवताना घातलेले मीठ सालीस मऊ करते. दाणा कठीण राखतात ते आंबट पदार्थ आणि विहिरीचे जड पाणी. टोमॅटो किंवा चिंच घालावयाची ती दाणा शिजल्यानंतरच. त्या दोघांचा हा वाद आमच्यादेखत पंधरा मिनिटे चालला आणि निकाल लागला नाही. आम्ही घरी दोन्ही प्रकार करून पाहिले. शिक्षकांचे खरे ठरले, पण हे बाईंना कळविण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही.

मडके अडीच तास चुलीवर होते. पहिला अर्धा तास खळखळा उकळी, मग बेताची. उंचीमुळे तेथे पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते, म्हणून वेळ अधिक लागतो. राजधानीत तर त्याहूनही अधिक. काळा घेवडा असता तर बाईंनी शेवटी ‘एपासोते’ नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची एक डहाळी टाकली असती. आपण ज्या हेतूने हिंग घालतो त्याच हेतूने तो घालतात.

शिजलेला असा रसदार घेवडा पहिल्या दिवशी तसाच खातात. दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्याचे रेफ्रीतोस होतात. पसरट कढईत तीन मोठे चमचे डुकराची वितळवलेली चरबी तापवावयाची, त्यात बारीक चिरलेला कांदा कडांनी तांबूस होईपर्यंत परतावयाचा. मग एक डाव घेवडा त्याच्या रसासकट घालावयाचा आणि लाकडी घोटणीने कढईतच चिरडावयाचा. तो एकजीव झाला की दुसरा डाव, मग तिसरा. एकदम सर्व ओतले तर खाली लागते आणि वर पातळ राहते. आम्ही घाई करून दोन डाव एकदम घातले तेव्हा बाईंनी आमच्या हातातून घोटणी काढून घेतली. घोटता घोटता रस आटतो, बुडबुडे जड होऊन फुटू लागतात, आणि डाव ओढला असता कढईच्या बुडाशी वाट दिसून ती क्षणभर तशीच राहते. तेथे थांबावयाचे. पुरणात उलथणे उभे राहीपर्यंत आपण आटवितो, तितके येथे नको. हा पदार्थ निवताना आणखी दाट होतो. आमच्या हातून एकदा विटेसारखा झाला, तेव्हा त्यात राखून ठेवलेला रस घालून तो पुन्हा माणसांत आणावा लागला. रस कधी फेकू नये, ही बाईंची ताकीद.

‘रेफ्रीतो’ या शब्दावरून अनेकांची समजूत होते की घेवडा दोनदा तळतात. इंग्रजी भाषांतराने ही समजूत जगभर पसरविली. वस्तुतः तो एकदाच परततात. मेक्सिकोच्या बोलीत ‘रे’ हा उपसर्ग ‘पुन्हा’ एवढेच नव्हे, तर ‘चांगले, पुरते’ असेही सांगतो. फार चांगल्यास ते ‘रेबुएनो’ म्हणतात. तेव्हा रेफ्रीतो म्हणजे चांगला खमंग परतलेला.

घेवडा त्या भूमीत हजारो वर्षांचा. मेक्सिको आणि दक्षिणेतील अँडीज पर्वत ही त्याची दोन माहेरे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी सम्राट मोक्तेसुमास मांडलिक प्रांतांकडून खंडणीत मका येई तसाच घेवडाही येई. परंतु डुक्कर त्या देशात नव्हते. ते स्पॅनिश जहाजांतून आले, १५२१ साली त्यांची राजधानी पडली त्या सुमारास. म्हणजे मडक्यातला घेवडा जुना, आणि कढईतला घेवडा हा जिंकलेल्यांच्या दाण्याचा व जिंकणाऱ्यांच्या चरबीचा संसार. कोणावर काय ओढवले होते ते त्या देशाच्या इतिहासात वाचावे. ताटात मात्र ते दोघे आता वेगळे करता येत नाहीत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत फेजुआद शिजते तेव्हा त्यातही दाणा आणि डुकराचे मांस असेच एकत्र येतात.

गावाबाहेर एका शेतकऱ्याने आम्हांस आपले शेत दाखविले. हंगाम नसल्याने वाळलेली ताटेच उभी होती, पण मक्याच्या प्रत्येक ताटाला घेवड्याचा सुकलेला वेल मिठी मारून होता आणि खाली भोपळ्याचे वेल पसरलेले. मका वेलाला आधार देतो, घेवड्याच्या मुळांवरील गाठी जमिनीस नत्र पुरवितात, भोपळ्याची पाने ओल धरून ठेवतात. पोटातही तसेच. मक्यात जे प्रथिन उणे असते ते घेवड्यात भरपूर असते, आणि घेवड्यात जे उणे ते मक्यात. आपला वरणभात याच हिशेबावर उभा आहे.

परत आल्यावर बेळगावच्या बाजारात आम्ही साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा शोधून काढला. कोरेगावच्या बाजूस होणाऱ्या या रेघारेघांच्या दाण्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तो मेक्सिकोच्या घेवड्याचाच सख्खा भाऊ होय. गोव्यातील अळसांदे चवीने जवळचे असले तरी ते चवळीच्या कुळातले, हे जाता जाता सांगून ठेवतो. रात्रभर भिजविला, पाणी टाकले, नवे पाणी घालून झाकण न लावता दहा मिनिटे खळखळ उकळू दिला. एवढी खबरदारी कुकरला लागत नाही, कारण त्यात उष्णता शंभर अंशांच्या वर जाते. पण आमचे मन त्याशिवाय मानेना. मग कुकरच्या सहा शिट्ट्या. दाणा जिभेने टाळूवर दाबला असता पिठासारखा फुटला पाहिजे. बोटांत दबला एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चरबी एका धर्मबंधूच्या घरून आली. ज्यांना ती चालत नाही त्यांनी शेंगदाण्याचे तेल घ्यावे, थोडे अधिक. कांदा परतला, डावाडावाने घोटला. पुरणयंत्राचा मोह आवरला, कारण मधूनमधून लागणारा अर्धा दाणा हवाच. ज्वारीच्या भाकरीबरोबर प्रथम आम्ही एकट्यानेच खाल्ला आणि रात्रभर वाट पाहिली. काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी डबा भरून आम्ही मावशींच्या घरी गेलो. पाच वर्षांत त्या बऱ्याच वाकल्या होत्या. ओसरीवर बसून आम्ही त्यांना सर्व सांगितले, कच्च्या दाण्याचे, पेटीचे, आणि पालकांसमोर जे बोललो त्याचे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

“मी त्या रात्रीच म्हटलं होतं फादर,” त्या म्हणाल्या, “अजून थोडं उकळूंदे म्हणून.”

त्यांनी ते म्हटले होते. आम्ही ते साफ विसरलो होतो, आणि त्या क्षणी ते शब्द, चुलीजवळचा त्यांचा हात आणि घड्याळाकडे पाहून आम्ही दिलेले उत्तर, सर्व डोळ्यांपुढे आले. आम्ही म्हणालो, “होय मावशी, म्हटलं होतं. चूक आमची होती. तुमची क्षमा मागायला आलो आहे. त्या पालकांनाही मी हे सांगणार आहे.”

त्यांनी डबा उघडला, वास घेतला, आणि बोटाने थोडे घेऊन चाखले. बराच वेळ तोंडात घोळविले.

“मीठ कमी हाय बगा,” त्या म्हणाल्या. “आणि मिरची कुठं हाय यात?”

मग त्या उठल्या, आत जाऊन लसूण-मिरचीची चटणी घेऊन आल्या, आणि नातवंडांना हाक मारून आमच्यादेखत त्यांनी एकेका भाकरीवर तो घेवडा वाटला. आमचा जीव मुठीत होता. त्यांच्या ते ध्यानात आले असावे. “शिट्ट्या किती दिल्या?” त्यांनी विचारले. सहा, असे आम्ही सांगितले. “मग ठीक हाय,” त्या म्हणाल्या आणि स्वतः खावयास बसल्या.

निघताना त्यांनी डबा धुऊन दिला. घरी येऊन उघडतो तो आत परसातले चार पेरू होते.